चुकीकडे बघायचं नाही

कागदावर तर्जनी टेकवून साहेब म्हणायचे, "बाकी ठीक आहे, पण हे काय?" बाकी नेमकं काय ठीक होतं, हे अंधेरीच्या आमच्या ऑफिसात कुणालाच कधी कळलं नाही. साहेब ऑडिटचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. नोकरी केलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला असा एक साहेब येतो. तुमच्याही आला असेल. आमचा अस्सल होता, इतकंच.

चुका शोधण्याचाच पगार मिळत होता, मान्य. पण ते चहाचंही ऑडिट करायचे. एक घोट घेतला की "साखर कमी," आणि कप परत. कॅन्टीनवाल्याने एकदा वैतागून तोच कप पॅसेजमधून फिरवून पुन्हा समोर ठेवला. साहेबांनी घोट घेतला आणि म्हणाले, "हा मघाचाच आहे."

ते राहायला मुलुंडला आमच्याच सोसायटीत, म्हणजे रविवारीही सुटका नव्हती. त्यांच्या मुलीला दहावीला चौऱ्याण्णव टक्के पडले तेव्हा वहिनींनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. मी पेढा हातात घेऊन त्यांच्याच हॉलमध्ये उभी होते. साहेबांनी मार्कशीटवर बोट ठेवलं. "बाकी ठीक आहे, पण भूगोलात काय झालं?" पोरीने मार्कशीट उचलली आणि आत गेली. त्यानंतर तिने बापाला कधीच काही दाखवलं नाही. तिला नोकरी लागली, हे साहेबांना माझ्याकडून कळलं. बोरिवलीत तिने घर घेतलं, हे वॉचमनकडून.

पुढे वहिनी गेल्या. मुलगी एका रविवारी आली, रस्त्यावरून उचललेलं एक तपकिरी कुत्रं साहेबांच्या दारात सोडलं, घरात कुणीतरी असू दे म्हणाली आणि परत गेली. बाप एकटा पडू नये असं तिला वाटत होतं. त्याच्याशी बोलत बसावं, असं मात्र वाटत नव्हतं.

साहेबांनी कुत्र्यावरही तर्जनी उगारली. बोट दिसलं की ते सोफ्याखाली शिरायचं आणि तिथेच मुतायचं. आम्हीही तेच केलं असतं, पण ऑफिसात सोफा नव्हता. बरं, कुत्र्याला मेमो देता येत नाही आणि त्याची बदलीही करता येत नाही. शेवटी कुत्र्याच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून साहेब शनिवार-रविवार पवईला एका शिकवणीला जायला लागले. कुत्र्याला न मारता, न ओरडता, खाऊ देऊन कसं शिकवायचं, त्याची शिकवणी. तिथल्या पुस्तिकेतल्या चुका काढून त्यांनी पहिल्याच आठवड्यात मास्तरांच्या हातात दिल्या. पद्धतीत मात्र त्यांना चूक सापडेना. कुत्रं सोफ्याखालून बाहेर आलं होतं. ते त्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपायला लागलं आणि साहेब तासभर पाय हलवायचे नाहीत.

मग या गृहस्थाने चांगली नोकरी सोडली आणि कुत्री शिकवायचा धंदा सुरू केला. साहेबांच्या डोक्यावर परिणाम झाला, असं ऑफिसचं एकमत झालं. निरोपाच्या दिवशी त्यांनी मानपत्रावरची तारीख चुकल्याचं दाखवलं, तेव्हा आम्हाला जरा हायसं वाटलं.

ज्या घरात वरणालाही लसूण चालत नव्हता, तिथे बाल्कनीत चिकन उकडायला लागलं. हरभऱ्याएवढे तुकडे कापून साहेब ते कमरेच्या पाउचमध्ये भरत आणि टोपी घालून मुलुंडभर फिरत. मीही त्यांना बोलावलं. माझी चकली, म्हणजे शेपटीचा वेढा असलेली माझी कुत्री, सिलिंडरवाला दिसला की त्याच्यावर धावून जायची. शिवाय साहेबांना चिकन हातात घेऊन जमिनीवर बसलेलं बघायचं होतं. एवढा हक्क मी कमावला होता.

सोसायटीच्या आवारात शिकवणी सुरू झाली आणि चकली भुंकली. मी ओरडले. साहेब शांतपणे म्हणाले, "चुकीकडे बघायचं नाही. बरोबर काय केलं, ते बघायचं."

"साहेब, हे तुम्ही सांगताय?"

"मी कुत्र्याबद्दल बोलतोय," ते म्हणाले.

चकली क्षणभर गप्प बसली आणि साहेबांच्या तोंडून आवाज निघाला, "शाब्बाऽस, शहाणं माझं बाळ ते!" त्यांच्या गळ्यात हा सूर होता आणि इतकी वर्षं त्यांनी तो आमच्यापासून लपवून ठेवला होता. मी तुकडा दिला, तर बोट वर आलं. उशीर झाला, म्हणाले. बक्षीस त्याच क्षणी द्यायचं. वेळ गेली की कशाबद्दल मिळालं हे कुत्र्याला कळत नाही, तुकडा फुकट जातो. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. गेटकडे बघत होते. मुलगी महिन्यातून एकदा औषधं द्यायची आणि गेटवरूनच परत फिरायची, ते हेच गेट.

एका रविवारी ती आली तेव्हा आमची शिकवणी चालू होती. मी तिला नोकरीचं विचारलं. तिने मला, म्हणजे बापाला नव्हे, मला सांगितलं की ती आता तिच्या शाखेची प्रमुख झाली आहे. साहेबांची तर्जनी वर आली.

"बाकी ठीक आहे, पण..."

तिथेच थांबले. मुलीचा चेहरा मिटला. ती वळायच्या बेतात असताना साहेबांचा हात सवयीने पाउचमध्ये गेला आणि चिकनचा तुकडा घेऊन बाहेर आला. तो तसाच धरून ते उभे राहिले.

"दहावीला तुला छान मार्क पडले होते," ते म्हणाले. "भूगोलातसुद्धा."

"बाबा, आत्ता?"

"उशीर झालाय. माहीत आहे मला."

ती वळता वळता थांबली. मग तिने तळवा पुढे केला. "द्या इकडे." तुकडा घेतला, खाली वाकली आणि चकलीला दिला. चकलीने काहीही केलं नव्हतं. साहेबांनी हरकत घेतली नाही. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. त्या दिवशी मुलगी वर घरात गेली आणि जेवून गेली.

पुढे साहेबांची तब्येत ढासळली, तेव्हा ती त्यांना बोरिवलीला घेऊन गेली. तपकिरी कुत्रंही गेलं. गणपतीनंतर साहेब वारले. मी भेटायला गेले, तेव्हा कुत्रं सोफ्यावर चढून झोपलं होतं आणि त्याला कुणी उठवत नव्हतं.

मुलीने चहा केला. एक कप माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "शेवटच्या आठवड्यात एकदा चहात साखरच घालायला विसरले मी, ताई. नंतर माझा कप तोंडाला लावला तेव्हा कळलं. तोवर त्यांनी अख्खा कप संपवला होता. म्हणाले, छान झालाय. त्यांची चवच गेली होती का हो?"

मला पॅसेजमधून फिरून आलेला तो कप आठवला.

"नाही गं," मी म्हणाले. "त्यांना कळलं होतं."