कानसेनचा उजवा कान

गळा नव्हता, पण कान असा की नुसत्या आवाजावरून कुठल्या खोलीतला पंखा फिरतोय ते सांगेल. म्हणून कॉलेजातल्या दोस्तांनी त्याला नाव ठेवलं कानसेन, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पुढे धंदाही तोच निघाला. मैफलींची रेकॉर्डिंग त्याच्याकडे यायची आणि घराच्या मागच्या खोलीत, कॉम्प्युटरपुढे बसून तो ती घासूनपुसून द्यायचा. वाद्यं चढली असतील तर खाली घ्यायची, गाणाऱ्याचा आवाज दबला असेल तर वर काढायचा, खुर्च्यांची करकर कापून टाकायची.

बरंचसं काम यायचं ते त्याच्या जिवलग दोस्ताचं, गायकाचं. गायकाचा आताशा दम तुटायचा. शेवटचे सूर विरायचे, मध्येच खोकला उमटायचा. कानसेन विरलेला सूर अलगद उचलायचा, खोकला काढायचा, आणि लोक म्हणायचे, वा, काय गळा टिकवलाय! पण कानसेननं कधी कुणापाशी चकार शब्द काढला असेल तर शपथ.

मग त्याचाच डावा कान जायला लागला. तो हेडफोन उलटे घालून डावी बाजूही उजव्या कानानं तपासायचा. कामात खोट नव्हती, पण धंद्यात हे कळलं की संपलंच. त्यानं एकट्या दोस्ताला सांगितलं. "माझ्या पोटात राहील," दोस्त म्हणाला. कसलं पोट नि कसलं काय! त्या मेल्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता.

परवाच्या मैफलीत पडदा उघडण्याआधीच गायकाचा माईक चालू झाला होता. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला काहीतरी कुजबूज होती. कापण्याआधी बघावं म्हणून कानसेननं आवाज वाढवला. गायक संयोजकांना सांगत होता, "साहेब, पुढचं काम दुसऱ्याला द्या. कानसेनचा कान गेलाय. मीच सांभाळून घेतोय त्याला इतकी वर्षं."

सांभाळून घेतोय! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. त्या संयोजकांच्या कामावर कानसेनचं घर चालायचं. तो आधी संतापला, मग टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. बायको चहा घेऊन आली तेव्हा म्हणाला, सर्दी झालीय.

दोन दिवसांनी गायक नेहमीसारखा ऐकायला आला. हेडफोन लावले आणि थोड्या वेळानं त्याचा चेहराच उतरला.

"अरे, हे काय? सूर फाटतोय माझा! खोकलाही तसाच. तू हात लावलाच नाहीस का?"

"लोकांनी ऐकलं तसंच आहे," कानसेन म्हणाला. "माझा कान गेलाय ना. एवढी एक जागा मात्र मन लावून साफ केलीय. ऐक."

त्यानं रेकॉर्डिंग अगदी सुरुवातीला नेलं. कुजबूज आता शब्दन् शब्द कळेल अशी स्वच्छ होती. गायकानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"अरे, मी आपलं तुझ्या काळजीपोटी..."

"गप," कानसेन म्हणाला. "बायकोलासुद्धा माहीत नाही रे अजून. तुला एकट्याला सांगितलं होतं."