भिंतीवरची तलवार

बॅटरी हातात आली की चाचा आधी तिची दोन्ही टोकं जिभेला लावत, डोळे मिटत, आणि "हाये अजून जीव" असं म्हणून कामाला लागत. नवीकोरी बॅटरी असली तरी ही परीक्षा चुकत नसे.

पुसदच्या पुढे आमचं गाव. तिथल्या बसस्टँडमागे त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मी गावच्या शाळेत मराठी शिकवते. बिघडलेली वस्तू उघडण्याआधी नुसती जवळ घेऊन बसणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चाचा त्यातले. रेडिओ पोटाशी धरून ते इतके गप्प बसत, की गिऱ्हाइकालाच अवघडल्यासारखं व्हावं.

स्नेहसंमेलनासाठी सातवीच्या मुलींनी नाटक बसवलं होतं. वार बसला की तलवार लखकन उजळते, असा त्यात प्रसंग होता. मी चाचांना विचारलं. चार पार्टचं काम आहे, म्हणाले.

वायरिंगच्या पांढऱ्या पाइपात त्यांनी एलईडीची माळ ओवली. मुठीत बॅटरी, आणि बॉलपेनमधली स्प्रिंग एका स्क्रूभोवती अशी बसवली की दोघांत केसाएवढं अंतर राहावं. धक्का बसला की स्प्रिंग स्क्रूला टेकणार आणि उजेड पडणार. मला वाटलं झालं. पण त्यांना ते पटेना. त्यांनी एक कपॅसिटर जोडला, म्हणजे विजेची चिमुकली टाकी. आता तलवार लखकन पेटायची आणि हळूहळू विझायची. मी कारण विचारलं.

"एकदम जाणं बरं नाही वाटत, मॅडम. जाता जाता जरासं मांगं पाहावं."

नाटक छान झालं. तलवार मी सातवीच्या वर्गात मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगली.

पुढच्या आठवड्यात मी मागच्या बाकांपाशी उभी राहून कविता शिकवत असताना माझ्याकडे वळलेल्या मुलींचे चेहरे एकाएकी बदलले. मी वळून पाहिलं. तलवार पेटली होती. जवळ कोणी नव्हतं, वारा नव्हता. पांढरा उजेड हळूहळू विझत गेला. दुसऱ्या दिवशी तीनदा झालं. एक मुलगी वर्गात यायला तयार होईना. शिपायाने दाराला लिंबू-मिरची बांधली.

मी तलवार चाचांकडे नेली. त्यांनी ती चार दिवस दुकानाच्या भिंतीला लावून ठेवली. समोरून ट्रक गेले, एसट्या गेल्या, पण ती एकदाही पेटली नाही. मग ते स्वतःच शाळेत आले. तलवार खिळ्याला टांगून मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात भिंतीला पाठ लावून बसले. मी दारात होते. बराच वेळ गेला. तलवार पेटली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वळून भिंतीवर तळहात ठेवला आणि तो उजेड संपेपर्यंत उचलला नाही.

"तलवार चांगली हाये, मॅडम. भिंतच खराब हाये."

त्या वर्षी आमच्याकडे जमिनीतून अधूनमधून गुरगुर ऐकू येई. भांडी वाजत, माणसं बाहेर येत, पुन्हा आत जात. शाळेची ती भिंत मातीत बांधलेली, खाली काळी जमीन; आम्हाला न जाणवणारा हादराही तिला हलवून जाई. चाचा मुख्याध्यापकांकडे गेले. खेळण्यातल्या तलवारीच्या भरवशावर वर्ग बंद करू का, असं सर हसून म्हणाले. मी मात्र कोणाला न विचारता सातवी व्हरांड्यात बसवू लागले. चाचा रोज दुपारी येत, रिकाम्या वर्गात बसत आणि तलवार पेटली की फळ्यावर खडूने एक रेघ ओढत. फळा भरत चालला होता.

एका सकाळी मुली व्हरांड्यात पाढे म्हणत होत्या. आतून कोणीतरी जड उसासा टाकावा तसा आवाज आला आणि मागची भिंत आडवी झाली. वरचे टिनाचे पत्रे बाकांवर कोसळले. मुलींना घेऊन मी मैदानात पळाले. सगळ्या होत्या. मी दोनदा मोजल्या.

चाचा आले. सर त्यांच्यासमोर मान खाली घालून उभे होते. चाचांनी पोरी कुठं आहेत, एवढंच विचारलं आणि जाऊन त्यांच्यात बसून राहिले.

पुढल्या हिवाळ्यात चाचा गेले. छातीत दुखलं आणि दवाखाना गाठायच्या आधीच संपलं. मी भेटायला गेले. त्यांच्या घरवाल्या चाची एकट्याच होत्या. बोलता बोलता माझी नजर खाटेवरच्या भिंतीकडे गेली. तिथे एक पांढरा पाइप टांगला होता. तसाच, पण मुठीशिवाय; बॅटरी खाली तारेने बांधलेली.

मी विचारायच्या आत तो पेटला.

चाचींनी वर पाहिलं नाही. कपात चहा ओतत म्हणाल्या, "लाइट लागते कधी कधी. हे गेले त्या दिवशी तर लय लागली."

चाचांनी तो कशाला लावला होता, ते मी विचारलं.

"लागली का बाहेर निघत जाय, म्हणत. आता एकलीनं कितीक डाव निघू, मॅडम?"

मी उठले. त्या उठेनात. मग मी दोन्ही कप एका हातात घेतले, दुसऱ्या हाताने त्यांना धरून बाहेर आणलं. अंगणात उन्हात उभ्या राहून आम्ही चहा प्यायलो. दारातून आत पाहिलं, तर खाटेवरचा उजेड अजून पुरता गेला नव्हता.