मागच्या खोलीतला वर्ग

मिरजेच्या एका इंग्रजी शाळेत मी पहिलीला शिकवत होते, तिथली ही गोष्ट. आता नोकरी सोडलीय म्हणून तोंड उघडतेय. तेव्हा दातखीळ बसली होती.

त्या वर्षी सरकारनं नियम काढला, की जवळपास सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेनं गरिबांच्या मुलांसाठी राखीव जागा ठेवायची गरज नाही. हायकोर्टानं तो रद्द केला. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला, पण कोर्टापुढं कोणाचं काय चालतं? शाळा सुरू होऊन बरेच दिवस उलटल्यावर नऊ पोरं आली. बाई म्हणाल्या, "उशिरा आलीत, मागं पडतील. वेगळी बसवू." वेगळी म्हणजे कुठं, तर मोडकी बाकं ठेवायच्या मागच्या खोलीत. तिथं मला नेमलं. मी "बरं" म्हटलं. वर स्वतःची समजूत घातली, की आपापल्यात पोरं बुजणार नाहीत. काय ते शहाणपण!

पहिल्याच आठवड्यात एका पोरीची आई दारात उभी. हॉस्पिटलात झाडलोट करणारी, बोलणं साताऱ्याकडचं.

"आवं बाई, कोर्टानं पोरास्नी साळंत घ्या म्हटलं. आडगळीत टाका म्हटलं न्हाई. माझी पोर समद्यांच्यात कवा बसणार?"

"बसवते लवकरच," मी म्हटलं. लवकर म्हणजे कधी, मलाच ठाऊक नव्हतं. मग पोरीला न्यायला आली की ती रोज तेच विचारायची, आणि मी तेच सांगायचे.

दिवाळीच्या आधी शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. त्या सकाळी ती नऊ पोरं पहिलीच्या बाकीच्या पोरांच्या मोठ्या वर्गात, एकेका बाकावर एकेक, मीच नेऊन बसवली. त्या पोरीला शेजारणीनं आपला रंगखडू दिला, तर ही बया दिवसभर हसत होती. साहेबांनी कौतुक केलं, चहा-पोहे घेतले, सही ठोकून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी तिची आई फाटकात. ठेवणीतली साडी, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. आमच्याकडं चांगली बातमी पेढ्याशिवाय पुरी होत नाही.

"बाई, पोरगी सांगती, मोठ्या वर्गात बसले! तुमी शब्द पाळलासा. लय बरं वाटलं."

तिनं शिपायाला पेढा दिला, रिक्षावाल्या काकांना दिला, आणि एक माझ्या तोंडापाशी धरला. तिथंच सांगायला हवं होतं. मी खाल्ला.

घंटा झाली. पोर मोठ्या वर्गाकडं पळत सुटली. मी तिला दंडाला धरून मागच्या खोलीकडं वळवलं. आई फाटकातनं बघत होती. मी तिच्याजवळ गेले.

तिनं पुडा परत बांधला.

"आवं बाई," ती म्हणाली, "पेढा तोंडात घ्यायच्या आधी तरी सांगायचं हुतं."