नऊ बदाम बाकी

आशेवर जगणारी माणसं पुष्कळ भेटतात, पण निराशेवर इतका ठणठणीत जगलेला माणूस माझ्या साडूंखेरीज उभ्या नागपुरात मी पाहिला नाही. उमरेडच्या विणकर घराण्यातले. घरचे माग बंद पडल्यावर कचेरीत कारकून झाले आणि नागपूरच्या नंदनवन वस्तीत राहायला आले. भर चैत्रात पावसाच्या भीतीनं छत्री घेऊन निघायचे. लग्नाच्या पंगतीत पानावर मीठ, लिंबू, चटणी एवढं आलं की माझ्या कानाशी लागायचे, "साडूभाऊ, आज मठ्ठा पुरत नाही." एकदा पारशिवनीला जायला निघाले आणि तिकिटाच्या खिडकीशी पहिली तीन माणसं पाहूनच "जागा भेटत नाही" म्हणून घरी परतले. ती गाडी रिकामी गेली. मला ठाऊक आहे, कारण मी तिच्यात होतो.

अशा माणसाच्या हाती पोकर पडावा! अमेरिकेतून सुट्टीवर आलेल्या भाच्यानं तो आम्हाला शिकवला. प्रत्येकाला दोन पानं झाकून, मग मधे तीन उघडी, ती सगळ्यांची. पुढे चौथं, मग पाचवं. हातातली आणि मधली मिळून पाच जमवायची; जोडी जमली तर बरी, पाचही एका रंगाची आली तर फार भारी. पैशांऐवजी चिंचोके. रविवारी दुपारी सतरंजीवर साडू, त्यांची बायको वच्छाताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, आणि मी. मधल्या पानांना साडू मागावरच्या उभ्या धाग्यांसारखा ताणा म्हणत, हातातल्या दोघांना आडवा बाणा. "ताणा सर्वांले दिसते गा. ताणा पाहा अन् माणूस पाहा, लुगडं समजते." आणि खरंच समजायचं. तीन पानं उघडली की स्वतःची विसरून ते आमचीच वाचत. "तुमच्यापाशी राजा आहे, साडूभाऊ. कान लाल झाले." राजा असायचाच! पण इतकं वाचून करायचे काय, तर "पॅक" म्हणून पानं टाकायचे. येणाऱ्या पानाच्या भरवशावर त्यांनी कधी एक चिंचोका लावला नाही. वच्छाताई चिडायच्या, "अजी, पुढचं पान पाहा तरी!"

"कायले? वाईटच असते."

मग वच्छाताईंच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. आशा आहे, खात्री नाही, म्हणाले. सही साडूंना करायची होती. एक्स-रे, रिपोर्ट आणि डॉक्टरांचं तोंड असा सगळा ताणा त्यांनी वाचला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरी नेतो तिले. समजलं मले सर्व." त्यांचा इतका राग मला कधी आला नव्हता.

वच्छाताईंनी मात्र उशीखालून पत्ते काढले. "एक डाव मांडा." दवाखान्याच्या खाटेवर मी त्या दोघांना पानं वाटली. मधे उघडली बदामाची सत्ती, बदामाची राणी, इस्पिकची तिर्री. साडू पानं टाकणार, तोच त्या म्हणाल्या, "दोन बदाम आहेत तुमच्यापाशी. अजून एक पाह्यजे." उभ्या संसारात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याची पानं वाचली होती. साडू चपापले.

"नऊ बाकी आहेत," ते पुटपुटले.

"मंग बसा न जी. काहून उठून राहिले?"

साडू बसले. चौथं किलवर आलं, पाचवंही किलवर. वच्छाताईंपाशी नुसती तिर्रीची जोडी होती. तेवढ्यावर जिंकल्या आणि पोट धरून हसल्या. साडूही हसले, आणि उठून सही करून आले.

ऑपरेशननंतर त्या चार महिने होत्या. घरी होत्या, सतरंजीवर बसून खेळण्याइतक्या होत्या. मग गेल्या.

आता आम्ही दोघेच खेळतो. साडूंनी "पॅक" म्हणणं सोडलं आहे. हातात काही नसलं तरी पाचव्या पानापर्यंत बसतात आणि हरतात. मला ते पाहवत नाही. परवा माझ्याकडे राजाची जोडी होती आणि मधे तिसरा राजा उघडला. समोर साडू चिंचोके पुढे सरकवून वाट पाहत बसलेले. मी "पॅक" म्हटलं. ते माझ्या कानांकडे बराच वेळ पाहत राहिले. चिंचोके गोळा केले, आणि डाव संपला होता तरी पुढचं पान उलटून पाहिलं.