आत्या, टोपल्या आणि एक राहिलेली सही

आत्या कुणाच्याही खोलीत शिरली की माणसांकडे नंतर बघायची, आधी कोपऱ्यांकडे. मी मुळशीतल्या माणला तिच्या भावाच्या इमारतीत राहायला आले त्याला आठवडाही झाला नव्हता. रविवारी सकाळी ही बाई दार न वाजवता आत आली. कोपऱ्यात माझा सगळा संसार रचलेला होता. चार्जर, औषधं, कांदे, न धुतलेले मोजे आणि ऑफिसचं ओळखपत्र, सगळं एकाच ढिगात. तिने कमरेवर हात ठेवून तो ढीग नीट न्याहाळला. "कंप्यूटरची नोकरी करतीस नव्हं? मग कांद्याशेजारी मोजे कशापायी?" मला असा राग आला! भाडं मी भरते, कोपरा माझा, मोजे माझे. तसं तोंडावर म्हटलंही. तर ती खूशच झाली. "त्वांड हाय व्हय तुला? बरं झालं. दुपारच्याला खाली ये. येखादी जुनी जीन पँट आन."

आत्या म्हणजे घरमालकाची सख्खी धाकटी बहीण. घरमालकाला सगळे दादा म्हणायचे. त्यांची शेती कंपन्यांच्या इमारतींखाली गेली होती आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी चार मजले चढवून आमच्यासारख्यांना खोल्या भाड्याने दिल्या होत्या. आम्ही म्हणजे कुणी नांदेडचे, कुणी जळगावचे, मी निलंग्याकडची. जिन्याखालची एक खोली तेवढी भाड्याची नव्हती. तिथे एक कॉट, एक शेगडी, पायाने चालवायचं शिलाई मशीन आणि आत्या. दादा पहिल्या मजल्यावर. मध्ये अठरा पायऱ्या. भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नसत. काही निरोप असला तर दादांची सून खाली-वर करायची.

पहिला महिनाभर मी तिला अहोजाहो करत होते. एकदा ती वैतागली. "तुमी म्हनलीस की मी घरमालकीन झाल्यागत वाटतं. आत्याला कोन तुमी म्हनतं?" मग तेही संपलं.

शर्टाचं बटण लावण्यापलीकडे मला शिवणातलं काही येत नव्हतं. आत्याने उरवड्याच्या एका कारखान्यात वीस वर्षं गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली होती, त्यामुळे जाड कापडाची तिला भीतीच नव्हती. गुडघे गेले तेव्हा ते काम सुटलं आणि तिने घरी कापडाच्या टोपल्या शिवायला घेतल्या. कांद्यालसणाची, खेळण्यांची, औषधांची, ज्याची त्याची टोपली. इमारतीतल्या प्रत्येक खोलीत तिची एक तरी टोपली होतीच, आणि ती मागून कुणाला मिळत नसे. ज्याची त्याने शिवायची, असा तिचा कायदा होता.

टेप काढला की ती तो हातातून काढून घ्यायची आणि वीत पसरून दाखवायची. "पयल्या टोपलीला टेप न्हाई. दोन ईत रुंद, दीड ईत उंच, झालं!" बाहेरून जीन पँटचं कापड, आतून जुन्या चादरीचं अस्तर आणि मध्ये टोपली ताठ राहावी म्हणून तांदळाच्या प्लास्टिक गोणीचा तुकडा. "त्याला इस्त्री लावू नगंस, वितळून इस्त्रीला चिकटंल." टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे. बाजू आणि खालचा भाग शिवून झाला की नुसती उशीची खोळ दिसायची. मग ती खालचा कोपरा चिमटीत धरून त्याचा त्रिकोण करायची, टोकापासून चार बोटं सोडून आडवी शिलाई मारायची आणि टोक कापून टाकायची. दोन्ही कोपऱ्यांना तसं केलं की त्या खोळीला बूड यायचं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

अस्तरही तसंच शिवायचं, फक्त त्याच्या तळाला हात जाईल एवढी जागा न शिवता सोडायची. सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून दोन्हींच्या कडा जोडायच्या आणि त्या सोडलेल्या जागेतून सगळी टोपली ओढून सुलटी करायची. एवढं सगळं तिने मला दोनदा सांगितलं. मी मान डोलावली आणि अस्तर चारी बाजूंनी पक्कं शिवून टाकलं. टोपली आत अडकली. ओढायला जागाच नाही! आत्या हसता हसता खोकायला लागली. सुनेला जिन्यातून हाका मारून बोलावलं. "बघ गं, इंजिनेर बाईनं समोसा शिवलाय!" मी सगळंच उसवायला घेतलं, तर तिने हातावर चापटी मारली. तळाची वीतभर शिलाई तेवढी ब्लेडने उसवायला लावली. बाकी तिरकं झालं होतं ते तसंच ठेवलं. "पयली हाय. वाकडीच ऱ्हाऊ दे. डोळ्यापुढं असली की दुसरीला हात नीट चालतोय." ती टोपली अजून माझ्याकडे आहे. एका बाजूला कलते, पण कांदे सांडत नाही.

तिची दुसरी खोड म्हणजे कुठलाही लिहिलेला कागद दिसला की विचारायची, "वाचलास का?" विजेचं बिल असो, भाड्याचा करार असो, माझ्या नव्या नोकरीचं पत्र असो. मी "असंच असतं गं त्यात सगळं," म्हटलं की ती चिडलीच. स्वतः अक्षरांखाली बोट फिरवत सावकाश वाचायची, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

ही खोड कुठून आली ते तिने एकदा काजं करता करता सांगितलं. तिचं सासर घोटावड्याचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. "तेराव्याचं जेवान उरकलं आन दीर म्हनला, रेशनकारडाचं काम हाय, हितं सही कर. मी केली. आंगठा न्हाई लावला, सही केली! चवथी शिकल्याली म्हनून लई ऐटीत केली." तो कागद नवऱ्याच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याचा होता. चार महिन्यांत ती पिशवी घेऊन माणला, माहेरी आली. हे सांगताना तिच्या आवाजात रडू नव्हतं, स्वतःचाच संताप होता. "सोताच्या हातानं, वळणदार अक्षरात," असं ती दोनदा म्हणाली.

म्हणून वडील गेल्यावर दादांनी हक्कसोडीचा कागद पुढे केला तेव्हा ती चार दिवस तो वाचत बसली. मुळशीत काय आणि आमच्या निलंग्यात काय, रीत एकच. बाप गेला की सातबाऱ्यावर बहिणींचीही नावं लागतात. मग राखीला नाहीतर भाऊबीजेला भाऊ बोलावतो, साडी घेतो, गोडधोड होतं आणि जेवणानंतर कागद येतो. बहीण सही करते, माहेरचं दार उघडं राहतं. जबरदस्ती कुणी करत नाही. फक्त सगळे आपल्या हाताकडे बघत बसतात. आत्याने पाचव्या दिवशी सांगितलं, "न्हाई." त्या दिवसापासून दादांचं बोलणं बंद.

गावाने तिला काय काय नावं ठेवली! हावरी, घरफोडी, माहेर खायला बसलेली. गिरणीत एक बाई माझ्यासमोर म्हणाली, "भावाच्या घरात ऱ्हाऊन भावावरच उलटली." आत्या पिठाचा डबा बंद करत म्हणाली, "भावाच्या न्हाई, बापाच्या. त्यो माजा बी बापच व्हता." आणि डबा डोक्यावर घेऊन तरातरा निघाली. मी मागून पळत.

मी तिथे असतानाची दुसरी दिवाळी. दादांना पाचवा मजला चढवायचा होता आणि त्याच्या कागदपत्रांत बहिणीचं नाव आडवं येत होतं. भाऊबीजेच्या सकाळी सून खाली आली. मान खाली घालून तिने मशीनवर एक जरीकाठाची पिवळी साडी ठेवली. साडीवर कागद, कागदावर पेन. "दादांनी दिलंय," एवढं म्हणून ती गेली. आत्याने साडीचा पोत दोन बोटांत धरून पाहिला. "झ्याक हाय." आणि कात्री घेतली. मी किंचाळले, "अगं आत्या, नवी कोरी आहे!" तर म्हणते, "वरडतीस काय? मला दिलीया नव्हं? मग माजी हाय."

तिने पदर कापला, काठ सोडवला आणि दुपारपर्यंत त्या साडीची टोपली शिवली. काठ वर, तोंडाशी गोल फिरवलेला. इतकी देखणी टोपली तिने दुसरी शिवली नाही. त्यात खाली तो कागद ठेवला, जसा आला तसा, सहीविना. त्यावर पेन. त्यावर करंज्या आणि चकल्या. मग एका हातात टोपली, दुसऱ्या हातात ओवाळणीचं ताट घेऊन ती आपल्या त्या गुडघ्यांनी अठरा पायऱ्या चढली. मी ताट धरते म्हटलं, तर धरू दिलं नाही.

दादांचं दार बंद होतं. आतून टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला. दार काही उघडलं नाही. आत्याने टोपली उंबऱ्याशी ठेवली, निरांजन पेटवलं आणि बंद दाराला ओवाळलं. मग मोठ्याने म्हणाली, "दादा, सही न्हाई. फराळ खा." आणि वळली.

खाली आल्यावर ती रडली. मी तिला तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि मला काय करावं ते कळेना. मूर्खासारखं म्हणून बसले, "आत्या, मिटवून टाक ना. एक सही तर आहे." तिने डोळे पुसून माझ्याकडे रोखून पाहिलं. "त्याला वाटतंय, मला भाऊ नगं म्हनून मी सही करीना. मला भाऊ बी पायजे आन हिस्सा बी पायजे. दोन्ही मागितलं तर काय चोरी केली का मी?" संध्याकाळी दारासमोर टोपली नव्हती. फेकून दिली असणार, असं सगळी इमारत म्हणाली.

गेल्या उन्हाळ्यात आत्या गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवस दवाखान्यात होती, परत आली नाही. दादांनी खांदा दिला. तिचा हिस्सा आता कुठल्याही सहीशिवाय त्यांच्याकडेच जाणार होता. खोलीला कुलूप लागलं आणि मी दोन महिने जिन्याच्या त्या बाजूला बघायचंच टाळलं.

मग माझ्या भावाचा फोन आला. वडील गेल्यावर आमच्याही सातबाऱ्यावर माझं नाव लागलं होतं. "राखीला ये. तुझ्यासाठी साडी घेतली आहे. आणि हो, एक छोटी सही आहे." माझा भाऊ वाईट नाही हो. पावसात सायकलवर डबलसीट घेऊन मला कॉलेजला सोडणारा भाऊ आहे तो. म्हणून तर सगळं अवघड. जेवणाआधीच कागद पुढे आला. मी अक्षरांखाली बोट ठेवून वाचायला लागले तेव्हा आई म्हणाली, "वाचायचं काय त्यात? भाऊच आहे तुझा." मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. म्हटलं, "सही नाही करणार." भाऊ म्हणाला, "शहराने बिघडवलं तुला." मी म्हटलं, "शहराने नाही. माणच्या चौथी शिकलेल्या बाईने." राखी मात्र बांधली. त्याने हात पुढे केला, माझ्याकडे न बघता. पुरणाचं ताट तसंच राहिलं आणि आईने आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणला परतले आणि पाय सवयीने जिन्याखाली वळले. समोर कुलूप. बॅग तिथेच टाकली आणि भडाभडा रडले. पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीवर दादा बसले होते, ते मला दिसलेच नव्हते. मी गावाला कशाला गेले होते ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"क्येली सही?"

"नाही."

"साडी?"

"तिथंच ठेवून आले."

त्यांनी खुर्ची मागे सारली. मग उठून वर गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात ती पिवळी टोपली होती. आत त्यांच्या गोळ्या, चष्मा, सुपारीची डबी. रोज हात लागून लागून काठाची जर काळी पडली होती. त्यांनी चष्म्याखालून किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली. "मशीन बसून ऱ्हायलं की जाम हुतंय. तू चालीव."

माझं डोकं फिरलं. "दादा, त्या दिवशी नुसतं दार उघडलं असतं तर?"

"उगडाय पायजे व्हतं," ते म्हणाले. एवढंच.

मी त्यांची समजूत घातली नाही. माफ करणं आत्याचं काम होतं आणि ती नव्हती. किल्ली घेतली, खोली झाडली, मशीनला तेल घातलं.

आता रविवारी दुपारी इमारतीतल्या पोरी खाली येतात. टेप मी काढून घेते. वीत मोजायला लावते, गोणीचा तुकडा देते, चिमटे देते. कितीही सांगितलं तरी कुणीतरी अस्तर चारी बाजूंनी शिवतेच, मग आम्ही सगळ्या तिला हसतो. मागच्या रविवारी तिसऱ्या मजल्यावरची जळगावची पोरगी कोपरा चिमटीत धरून बसली होती. सहज म्हणाली, "ताई, दिवाळीला भावाने घरी बोलावलंय. कुठलीशी सही हवी आहे म्हणे." मी मशीनवरचा पाय थांबवला. काय कर ते मी तिला सांगितलं नाही. आत्यानेही मला कधी सांगितलं नव्हतं. फक्त विचारलं, "कागद वाचलास का?"