किलोतले दहा ग्रॅम

वजनं तपासण्याच्या कचेरीत माझ्या मामाने चौतीस वर्षं काढली. दुकानांतून आलेलं पितळी वजन चिमट्याने उचलायचं, एकदा डाव्या पारड्यात ठेवायचं, मग उजव्या. तराजूच खोटा असेल तर कळावं म्हणून; पारडं बदलल्याशिवाय त्याची सही नाही. मामी सांगते, "पोरगी झाली तेव्हा नर्सने सांगितलेलं वजन ह्यांना पटेना. म्हणे, पारडं बदलून बघा."

गेल्या वर्षी शाळेची मुलं कचेरी बघायला आली होती. एका मुलीने विचारलं, "वजनात वजन येतं कुठून?"

"पितळातून," मामा म्हणाला.

"आणि पितळात?"

मामा हातातलं वजन उलटंपालटं करून बघू लागला आणि मुलं हसली. ते हसू त्याला वर्षभर टोचत राहिलं. आता गुरुवारी तीच शाळा पुन्हा येणार होती, आणि शुक्रवारी मामा निवृत्त होणार होता. मी भौतिकशास्त्र शिकलेली, म्हणून सोमवारी मला बोलावणं आलं.

"सगळीकडे हिग्ज नावाचं क्षेत्र पसरलंय," मी म्हणाले. "चिखलासारखं. त्यातून जाताना कण जड होतात."

"चिखलात ढकललेली गाडी थांबते. तुझे कण थांबतात?"

"नाही."

"मग चिखल कुठून काढलास?"

"सोपं करून सांगत होते, मामा."

"सोपं कर. खोटं करू नकोस."

मी वैतागून घरी गेले. मंगळवारी चिखल काढून टाकून पुन्हा सांगितलं, तर तो म्हणाला, "आता पारडं बदल. ते क्षेत्र काढून घेतलं, तर किलोचं किती उरेल?"

असं मला परीक्षेतही कुणी विचारलं नव्हतं. मी कागद घेऊन बसले.

"क्षेत्रामुळे येतात ते साधारण दहा ग्रॅम."

"साधारण?"

"साधारण. बाकीचं ऊर्जेचं. प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आत क्वार्क नावाचे कण धावत असतात. त्यांची धावपळ आणि त्यांना बांधून ठेवणारं बल, त्या ऊर्जेचंच वजन भरतं."

"एक टक्का चुकलेलं वजन मी परत पाठवतो. तू नव्याण्णव टक्के चुकलीस. पदवी कुणी दिली गं तुला?" मग कागदावर बोट ठेवून, "म्हणजे ते दहा ग्रॅम नसले तरी चालेल?"

"नाही चालणार. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान त्याच क्षेत्राचं. ते गेलं तर अणूच बांधला जाणार नाही. तोलायला पितळ उरणार नाही."

मामाने कपाळाला हात लावला. "हे सोमवारी बोलायला काय झालं होतं?"

गुरुवारी त्याने किलोच्या वजनाशेजारी चिमट्याने दहा ग्रॅमचं वजन ठेवलं आणि सगळं सांगितलं. चिखलाशिवाय. कुणी हसलं नाही. मग मागच्या रांगेतून प्रश्न आला, "पण इलेक्ट्रॉनला नेमकं तेवढंच वजन का मिळतं?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली: कुणालाच माहीत नाही.

"चौतीस वर्षं," तो पुटपुटला, "आणि आज ही मान हलवते." मग त्याने मुलांना कोपऱ्यातली फळी दाखवली. तिच्यावर पाटी होती: तपासणी बाकी.

"हा प्रश्न तिकडे," तो म्हणाला. "माझ्यानंतर जो येईल त्याला विचारा. पारडं बदलायला लावा."