आरशाच्या चुली आणि मावशी

"आदी माज्या अंगणात शिजव, मंग पैशाचं बोल."

स्टोव्ह असो की कंदील, विकायला आलेल्या प्रत्येकाला मावशी पदर खोचून हे ऐकवायच्या. साठ सालच्या आगेमागे मी टाकव्याला ग्रामसेविका होते, तेव्हा गावात खरेदीचा एवढाच कायदा होता. मावशींनी पारखल्याशिवाय एकही बाई कनवटीला हात लावत नसे. गोड बोलून गळ्यात वस्तू मारणारे फेरीवाले तुम्हीही पाहिले असतील. मावशींपुढे त्यांची बोबडी वळायची.

एका उन्हाळ्यात एक जण आरशाची चूल घेऊन आला. चकचकीत पत्र्याची मोठी परात, मधे भांडं. सूर्याकडे तोंड केलं की विस्तवाशिवाय शिजतं म्हणे. मावशींनी आपले तांदूळ दिले आणि समोर ठाण मांडलं. भात झाला. शीत चेपून त्या म्हणाल्या, "व्हय, खरी हाय." तेवढ्या शब्दावर डोंगराखालच्या वाडीतल्या बायकांनी मोळ्या विकून साठवलेले पैसे देऊन चुली घेतल्या.

थोड्याच दिवसांत तिथली एक लेकुरवाळी चूल डोक्यावर घेऊन आली. "मावशी, कच्चंच ऱ्हातंय वो. सकाळी आमी रानात, दुपारी डोंगराची सावली."

मावशींनी तिच्या डोक्यावरची चूल उतरवून घेतली. म्हणाल्या, "माज्या अंगणात बघितली म्या. तुज्या न्हाई."

विकणारा केव्हाच पसार झाला होता. मी म्हटलं, "यात तुमची काय चूक?"

माझ्यावरच खेकसल्या, "इस्वास माज्यावर ठेवलाता बाई त्यांनी, त्याच्यावर न्हाई!"

कायदा तिथल्या तिथे बदलला: जिला विकायची, तिच्याच अंगणात आधी शिजवायची. आणि विकल्या गेलेल्या चुली मावशींनी आपल्या अंगणात मागवून घेतल्या. बायका रानात जाताना डाळ-तांदूळ ठेवून जायच्या. मावशी डोळे किलकिले करत दिवसभर एकेक चूल उन्हाकडे फिरवायच्या. तालुक्याच्या वडगावहून आलेले साहेब बघत उभे राहिले, तर म्हणाल्या, "सायेब, बाजूला व्हा, भात अडलाय." त्या बाईवर माझा फार जीव होता.

पुढच्या थंडीत मावशी गेल्या. तेरावं झालं आणि बायकांनी सवयीने चुली त्याच अंगणात मांडल्या, तांदूळ घातले, रानात गेल्या. ऊन सरकत गेलं. चुली सकाळी होत्या त्याच दिशेला तोंड करून राहिल्या.

संध्याकाळी लेकुरवाळीने झाकण काढलं. पाणी कोमट, तांदूळ कच्चे. इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेली ती बाई भांडं मांडीवर घेऊन तिथेच हमसून हमसून रडली.